मुखपृष्ठावरची भुतं, भिंतीवरची भुतं: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी भीतीची चित्रं काढते. कादंबऱ्यांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, शिवाय वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या प्रदर्शनासाठी मोठी तैलचित्रं. फोनवर, मेलवर आणि प्रदर्शनाच्या दारात तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदाची उत्तरं लिहून टाकली. लोकांनी प्रश्न जसे विचारले तसेच ठेवलेत, त्यातले टोचणारेसुद्धा.

१. तुम्ही नक्की काढता काय? हॉरर आणि डार्क फँटसी एकच ना?

एकच नाही, पण शेजारी राहतात. भयचित्रातलं जग आपलंच असतं: ओळखीची विहीर, ओळखीचा जिना, आणि त्यात एकच गोष्ट चुकलेली. डार्क फँटसीत अख्खं जगच दुसरं असतं. तिथे हाडांच्या सिंहासनावर चार हातांचा राजा बसला तरी दरबारात कुणी दचकत नाही. काम सांगताना हे ठरवून या, कारण दोन्हीचे वाचक वेगळे. पहिल्याला वाटायला हवं की हे माझ्या घरी घडेल. दुसऱ्याला त्या मुलखात एकदा जाऊन यावंसं वाटायला हवं.

२. बाई माणूस असून भुतं का काढता? रात्री भीती नाही वाटत?

पुरुष चित्रकारांना यातला पहिला अर्धा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो मीही सोडून देते. भीतीचं म्हणाल तर काढताना वाटत नाही, तेव्हा डोक्यात फक्त कोपराची हाडं आणि रंगाचा ओलेपणा असतो. वाटते ती आठवड्यानंतर, चित्र वाळत टेकवलेलं असतं आणि मी पाणी प्यायला उठते तेव्हा. ज्या चित्राला मीच एकदा दचकले ते पाठवायच्या लायकीचं झालं, असा माझा हिशेब.

माझं आजोळ अमळनेरकडचं. पहिलं भूत मी तिथे ओट्यावर कोळशानं काढलं. आजीनं विचारलं, "हाई काय काढी ऱ्हायनी वं?" हडळ म्हटल्यावर तिनं नीट पाहिलं आणि पाय उलटे करायला लावले.

३. खानदेशात राहून असले विषय सुचतात तरी कुठून? इथे ना धुकं, ना जुने वाडे.

धुकं लागतं असं कुणी ठरवलं? आमच्याकडे भीतीची वेळ दुपारी बाराची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, आणि लहानपणी ऐकलेलं असतं की बाराच्या टळटळीत उन्हात विहिरीवर जायचं नाही, साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, पाण्यावर आलेल्या असतात. अंधारात निदान लपायला जागा असते. रिकाम्या शिवारात, स्वतःची सावलीही पायाखाली गोळा झालेली असताना, समोर कुणी उभं दिसलं तर जाणार कुठे? माझी निम्मी चित्रं या उन्हातली आहेत.

केळीची बाग आतून पाहा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि दहा पावलं आत गेलं की हिरवा काळोख. फाटकी पानं एकमेकांवर घासली की मागून कुणी चालत आल्यासारखं वाटतं. खांब कापला की चीक गळतो. दिसतो पाण्यासारखा, पण कपड्यावर पडला की काळपट तपकिरी होत जातो आणि तो डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. चित्रातलं रक्त मी लाल रंगवत नाही, या डागाच्या रंगाचं रंगवते. लाल रक्त ताजं असतं, म्हणजे घटना आत्ताची. तपकिरी डाग पाहिला की इथे आधीच काहीतरी होऊन गेलंय, हे न सांगता कळतं.

सातपुड्यात नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभा शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास तिथे यात्रा असते. कपाळावरची न भरणारी जखम घेऊन अश्वत्थामा अजून या डोंगरांत फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. मी त्याला चार वेळा काढलं. पहिल्या तीन वेळा तो धिप्पाड, जखमी, आभाळाएवढा. तिन्ही चित्रं सिनेमाच्या पोस्टरसारखी झाली. चौथ्यात फक्त झोपडीचा उंबरठा, भर दुपार, आणि बाहेरून आत आलेल्या हातातली रिकामी वाटी. तेवढंच विकलं गेलं.

४. पण भयचित्र हा प्रकार आपला नाहीच, तो पाश्चात्यांचा. बरोबर ना?

अजिंठ्याला जाऊन या. जिल्हा शेजारचा असला तरी उतरायचं स्टेशन आमचं जळगाव, तिथून साठेक किलोमीटर. पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर सगळे थांबतात. त्याच लेण्यात गाभाऱ्याबाहेरच्या दालनाच्या भिंतीवर बुद्धाचं ध्यान मोडायला आलेली, मार नावाच्या मोहात पाडणाऱ्या राक्षसाची फौज आहे, तिच्यातले विक्राळ चेहरे पाहा. सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाची कथा आहे: जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले व्यापारी, त्यांचं स्वागत करणाऱ्या देखण्या बायका, आणि त्याच बायका राक्षसिणी होऊन माणसं खाताना. सुंदर दिसणारं भयानक निघणं, ही सगळ्या डार्क फँटसीची किल्ली आपल्या भिंतीवर दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेली आहे.

आणि हो, तिथला काळा रंग म्हणजे दिव्याची काजळी. आजी डोळ्यांत घालायची तेच.

५. तुम्ही काळा कुठला वापरता? माझा काळा नेहमी मेल्यासारखा दिसतो.

ट्यूबमधला काळा सरळ लावला की तसाच दिसणार. मी बर्न्ट अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन ब्लू हा निळा मिसळून काळा करते. अंबर जास्त घातला तर उबदार काळा, निळा जास्त तर थंड. चित्रात दोन्ही शेजारी ठेवले की अंधारातही पुढचं-मागचं कळतं. तापलेल्या खोलीतला अंधार आणि विहिरीतला अंधार एकाच रंगाचा नसतो.

ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक खालच्या थरात जाड लावू नका. तो तेल फार पितो, हळू वाळतो, आणि वर लवकर वाळणारा थर आला की पुढे तडे जातात. अंबर त्यातल्या मँगनीजमुळे भराभर वाळतो, म्हणून सुरुवातीचा छायाप्रकाश मी अंबरमध्येच बसवून घेते. खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा तैलरंगाचा जुना नियम गडद चित्रांत मोडला तर शिक्षा लवकर होते.

वाळल्यावर काळे भाग ठिकठिकाणी फिके, मातकट दिसायला लागतात. रंग बिघडलेला नसतो, खालच्या थरानं तेल शोषलेलं असतं. तिथे अगदी पातळ तेलाचा हात देऊन फडक्यानं पुसून घ्या, खोली परत येते. ती फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात स्वतःहून तापतात आणि पेटतात. आमच्या उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. माझ्याकडे त्यांच्यासाठी पाण्याची बादली भरलेली असते.

६. एवढे जिवंत प्राणी-राक्षस पाहता कुठे? नुसत्या कल्पनेनं काढता?

कल्पनेतल्या राक्षसाला सावली नसते, तीच अडचण. म्हणून मी आधी त्याचं वीतभर डोकं प्लास्टिसिनमध्ये, म्हणजे न वाळणाऱ्या मातीत, करते, टेबलावर ठेवते आणि टॉर्च फिरवत बसते. खालून, बाजूनं, मागून. उजेडाची दिशा ठरली की अर्धं चित्र झालं. हाडांसाठी खाटकाकडून आणलेली बकरीची कवटी उकळून, वाळवून ठेवली आहे, पंखांसाठी गच्चीवर सापडलेलं वाळकं वटवाघूळ.

टेबलावर जग उभं करायची ही रीत आमच्या भागाला नवी नाही. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी घराबाहेर न पडता, घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून अशी छायाचित्रं काढली की पाहणाऱ्याला खरी दृश्यं वाटावीत. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. उजेड शिकायचा असेल तर एक दिवस तिथे द्या.

७. मला कादंबरीचं मुखपृष्ठ करून हवंय. काय पाठवू?

संपूर्ण हस्तलिखित, पुस्तकाचा आकार (डेमी की क्राउन), अंदाजे पानं, कागद, आणि छपाईची तारीख. पानं आणि कागद कळल्याशिवाय कण्याची, म्हणजे पुस्तक कपाटात उभं ठेवल्यावर दिसते त्या कडेची, रुंदी निघत नाही आणि कणा कळल्याशिवाय मागून पुढे गुंडाळणारं चित्र आखता येत नाही. शिवाय लेखकाला स्वतःला ज्या प्रसंगाची भीती वाटली तो एक परिच्छेद वेगळा काढून पाठवा. 'काहीतरी जबरदस्त करा' असं पाठवू नका.

८. कथा वाचायची काय गरज? हडळ, पिंपळ, चंद्र. झालं ना काम!

झालं. पण अशी चित्रं बाजारात तयार मिळतात, माझ्याकडे यायची गरज नाही.

वाचायचं कशासाठी ते सांगते. एका कादंबरीत मुंज्या होता, प्रकाशकाला पारावरचा पिंपळ हवा होता. वाचताना लक्षात आलं, भीती पिंपळाची नव्हतीच. घरातली बाई रोज एक ताट जास्त वाढते आणि ते कुणासाठी हे कुणी विचारत नाही, तिथे माझ्या अंगावर काटा आला. मुखपृष्ठावर पंगत आली, एक ताट रिकाम्या पाटासमोर. पिंपळाचं फक्त एक पान, आमटीच्या वाटीत. आणि भूत आख्खं दाखवलं की वाचकाला आत शोधायला काही उरत नाही. मुखपृष्ठानं उंबऱ्यापर्यंत न्यावं, पुढचं लेखकाचं काम.

९. किती दिवस लागतात आणि पैसे कसे?

हस्तलिखित हातात आल्यापासून सहा आठवडे. तीन कच्ची रेखाटनं देते, त्यातलं एक निवडायचं, त्यावर दोनदा बदल. रंगकाम सुरू झाल्यावर 'चंद्र डावीकडे घ्या' चालत नाही, तैलचित्रात चंद्र सरकत नाही. अर्धे पैसे आधी, अर्धे छपाईची फाइल देताना. आकडा आकारावर आणि वापरावर ठरतो, वापर म्हणजे काय ते प्रश्न १२ मध्ये. दिवाळी अंकवाल्यांनी जूनमध्ये बोलावं. गणपती बसले की मी दिवाळीचं नवं काम घेत नाही, कितीही मोठा अंक असो.

१०. स्क्रीनवर चित्र अप्रतिम होतं. छापून आलं तर काळं ठिक्कर! चूक कोणाची?

बहुतेक वेळा कुणा एकाची नसते. स्क्रीन उजेड फेकते, कागद उजेड खातो. स्क्रीनवर ज्या सावलीत तुम्हाला डोळे दिसत होते, ती छपाईत गेल्यावर शाई थोडी पसरते आणि डोळे बुडतात. काळ्याच्या ८५ ते १०० टक्क्यांमधला फरक मुखपृष्ठावर दिसेल अशी आशाच धरू नका. महत्त्वाचा तपशील त्याच्या वर, उजेडाकडे ठेवावा लागतो.

त्यामुळे प्रत्येक मुखपृष्ठाच्या मी दोन फाइली करते. एक मूळ चित्राशी प्रामाणिक, दुसरी छपाईसाठी सावल्या उचललेली. दुसरी स्क्रीनवर फिकी दिसते, प्रकाशक घाबरून फोन करतात, त्यांना मी छापलेला नमुना मागवायला सांगते. काळ्या पार्श्वभूमीला नुसता काळा दिला तर राखाडी दिसतो, म्हणून त्याखाली बाकीच्या तीन शाई असाव्यात. साठ टक्के निळा, चाळीस गुलाबी, चाळीस पिवळा आणि शंभर काळा, एवढं पुरतं. चारही शंभर टक्के देऊ नका. शाई वाळत नाही, मागच्या पानाला चिकटते.

लॅमिनेशनचंही बोलून घ्या. चकचकीत लॅमिनेशनखाली काळा खोल दिसतो. मॅटखाली तो किंचित धुरकट होतो, दिसतो उंची, पण गडद मॅट मुखपृष्ठावर नखाचा ओरखडासुद्धा पांढरा उमटतो आणि बोटांचे तेलकट ठसे राहतात. पुस्तक प्रदर्शनात चार दिवस हाताळलेली प्रत पाहा, मग ठरवा. मॅटच हवं असेल तर मी चित्रच जरा उजळ रचते. दुपारची भीती (प्रश्न ३) इथे कामाला येते. उन्हातलं चित्र छापायला सोपं आणि दुकानात काळ्या पुस्तकांच्या रांगेत लांबून दिसतं.

११. चित्रात वर एवढी रिकामी जागा का सोडता? इंग्रजी पुस्तकांवर तर चित्र वरपर्यंत असतं.

कारण शीर्षक मराठी आहे. देवनागरीला शिरोरेषा असते, तिच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. म्हणजे एकाच ओळीला तीन मजले. 'मृत्यूचे' एवढा शब्द लिहून पाहा, वर-खाली किती पसरतो. ही जागा चित्रातच राखली नाही तर पुढे कुणीतरी राक्षसाच्या कपाळावर पांढरी पट्टी मारून शीर्षक बसवतं. माझ्या एका चित्राचं असं झालंय. ते पुस्तक मी कपाटात कणा आत करून ठेवलंय.

शिरोरेषा उपयोगीही पडते. तिच्यावरून वेल, जाळं, लोंबणारे पाय सोडता येतात. पण अक्षर रंगवणारा आणि मी एकाच वेळी कामाला बसलो तरच.

१२. मी चित्राचे पूर्ण पैसे दिले. मग चित्राचे सगळे हक्क माझे ना?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. चित्र ही वस्तू वेगळी आणि ते छापायचा हक्क वेगळा. चित्रकारांना वाटतं, मी काढलं म्हणजे कॉपीराइट माझा. एरवी ते खरं, पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात एक पोटकलम आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक चित्र काढून घेणारा. 'उलट करार नसेल तर' हे शब्द लक्षात ठेवा. तोंडी बोलण्यावर काम केलं की चित्रकार इथेच फसतो. म्हणून मी एक पानी करार केल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

करारात मी लिहिते: कॉपीराइट माझ्याकडे, प्रकाशकाला या पुस्तकाच्या मराठी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठासाठी आणि जाहिरातीसाठी वापर, अमुक वर्षं. मुदत लिहिली नाही तर हक्काचं हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. ऑडिओबुक, ई-बुक, टीशर्ट, वेबमालिका हे सगळं वेगळं बोलायचं. सगळे हक्क हवेत तर तेही देते, किंमत त्याप्रमाणे. हक्क विकले तरी चित्रावर माझं नाव राहणं आणि चित्राची मोडतोड करून माझी बदनामी न होणं हे अधिकार ५७ व्या कलमानं माझ्याकडेच राहतात. प्रश्न ११ मधली पांढरी पट्टी त्यात बसते का, हा विचार मी बरेचदा केला आहे.

१३. मी प्रदर्शनातून मूळ चित्र विकत घेतलं. त्याचे पोस्टर छापून विकले तर?

नाही. चित्र तुमचं, भिंत तुमची, छपाई माझी. कारण प्रश्न १२ मध्ये. दिवाणखान्यात चित्रासमोर उभं राहून फोटो काढा, त्याला कोण अडवतंय.

१४. मुखपृष्ठाचं चित्र गॅलरीत चालतं का? तिथे 'इलस्ट्रेशन' म्हणून नाक मुरडतात ना?

मुरडतात. एका गॅलरीत मला 'तुमचं काम फार गोष्टीवेल्हाळ आहे' असं सांगून फाइल परत दिली होती. पण मुखपृष्ठ आणि भिंत यांची गरज खरोखर वेगळी असते. मुखपृष्ठाला दुकानात दोन-तीन सेकंद मिळतात, म्हणून त्यात एक आकृती, एक उजेड, एक धक्का. भिंतीवरचं चित्र माणूस वीस वर्षं रोज पाहणार, त्यात धक्का पहिल्या आठवड्यात संपतो. तिथे सावकाश सापडणाऱ्या गोष्टी लागतात. त्यामुळे मी मुखपृष्ठ मोठं करून टांगत नाही. तोच विषय पुन्हा, मोठ्या कॅनव्हासवर, घटना होऊन गेल्यानंतरचा काढते.

मुखपृष्ठाची मूळ चित्रं मात्र जपा. अमेरिकेचा फ्रँक फ्रझेटा मूळ चित्रं स्वतःकडे राखायचा. १९६९ साली एका भयमासिकाच्या मुखपृष्ठासाठी केलेलं त्याचं चित्र घराण्यातच राहिलं आणि २०१९ मध्ये लिलावात ५४ लाख डॉलरला गेलं. आपल्याकडे अशी चित्रं छापखान्याच्या माळ्यावर उंदरांनी खाल्ली.

१५. घरात असं चित्र लावावं का? वास्तूला चालतं?

वास्तूचं मला विचारू नका, उजेडाचं विचारा. गडद चित्र खिडकीसमोर लावलं तर काचेत तुमचाच चेहरा दिसेल. बाजूनं उजेड येईल अशा भिंतीवर, उबदार दिव्याखाली लावा. लहान मुलं झोपतात त्या खोलीत नको.

स्पेनच्या गोयानं म्हातारपणी, १८१९ ते १८२३ च्या दरम्यान, स्वतःच्या राहत्या घराच्या भिंतींवर १४ काळी चित्रं रंगवली, कुणाला विकायची नव्हती तेव्हा. त्याच भिंतींमध्ये राहिला. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी मात्र चित्रावर महिनाभर चादर टाकून ठेवली होती. मग म्हणे, चादरीखालचं जास्त भ्यासूर वाटायला लागलं, म्हणून काढली.

१६. चित्र पाठवता कसं? आणि आमच्या उन्हात टिकेल का?

आधी एक चूक कबूल करते. एका मे महिन्यात मी व्हार्निश केलेलं चित्र थेट बबल रॅपमध्ये गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवलं. उघडलं तेव्हा विहिरीच्या पाण्यावर ओळीनं गोल गोल ठसे उमटलेले. गरमीनं व्हार्निश मऊ झालं आणि प्लास्टिक त्यात रुतलं. आता चित्राला आधी ग्लासीन हा गुळगुळीत, न चिकटणारा कागद, मग पुठ्ठा, कोपऱ्यांना थर्माकोल, बबल रॅप सगळ्यांत बाहेर, आणि मोठं असेल तर लाकडी पेटी. एप्रिल-मे मध्ये पाठवतच नाही. अंतिम व्हार्निश चित्र पूर्ण वाळल्यावर, म्हणजे सहा महिने ते वर्षानं.

घरी सरळ ऊन नको, कूलरचा झोत नको. रंग ओले असताना कूलरच्या गवताचे तुस चिकटतात. माझ्या एका वेताळाच्या दाढीत ते अजून आहेत, शोभतात म्हणून काढले नाहीत.

पाठवण्याआधी मी प्रत्येक चित्राचं नीट छायाचित्र घेते, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून, नाहीतर काळ्यावर चमक येते. आधी छायाचित्र घ्यायचा हा धडा रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराचा. १८४४ पासून त्यानं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलप्रती केल्या, त्या लंडनला गेल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो १८७९ साली वारला, कबर आमच्या भुसावळात आहे. मोठं काम रवाना करायच्या आदल्या दिवशी मी तिकडून चक्कर मारून येते.

१७. आमच्या गावातल्या एका डाकिणीच्या खऱ्या घटनेवर पुस्तक आहे. कराल का?

'खऱ्या' हा शब्द काढला तरी नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे, जीव घेतला आहे. बहुतेकदा मागे जमिनीचा वाद नाहीतर भाऊबंदकी. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशा भागात लाल डोळ्यांची, केस सोडलेली आदिवासी बाई मुखपृष्ठावर छापणं म्हणजे उद्या कुणाच्या तरी दारावर बोट दाखवणं. डाकीण ठरवणाऱ्या गर्दीची भीती सांगणारं पुस्तक असेल तर जरूर या, तो जमाव मी असा काढीन की झोप उडेल.

मग हडळ कशी चालते, असंही विचारतात. हडळ कुणाची शेजारीण नसते.

देवीचं उग्र रूप, आमची खानदेशी देवी कानबाई यांवरही हेच थोड्या फरकानं. कानबाई श्रावणात आमच्या घरी येते, रोट होतात, नारळावरच्या तिच्या डोळ्यांसमोर आम्ही रात्र जागवतो. तिला मी भुताच्या गोष्टीत बसवत नाही. हा नियम माझा, दुसऱ्यानं पाळावा असं नाही.

१८. अमुक परदेशी चित्रकारासारखं काढून द्या. किंवा मी एआयवर केलंय, फक्त हात फिरवा.

दोन्हीला नकार, कारणं वेगळी. बेक्शिन्स्की सगळ्यांना हवा असतो. पोलंडच्या त्या माणसानं आपल्या चित्रांना कधी नावंसुद्धा दिली नाहीत, अर्थ लावू नका म्हणाला. त्याचे हाडांचे मनोरे उचलून तुमच्या चोपडा तालुक्यातल्या गोष्टीवर ठेवले तर दोघांचाही अपमान. त्याच्याकडून रंग कसे विरतात ते शिकावं, मनोरे आपले शोधावेत. आमच्याकडे वीटभट्ट्या आहेत.

एआयच्या चित्रावर हात फिरवायचा तर मला आधी त्यातला उजेड कुठून येतो ते कळायला हवं, आणि ते सापडत नाही. एकाच चेहऱ्यावर तीन दिशांनी येतो. तेवढ्या वेळात मी नवं काढते.

१९. मुलाला हेच शिकायचंय. कुठला कोर्स?

भुतांचा कोर्स नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट देऊ द्या, पुढे फाउंडेशन आणि जी. डी. आर्ट किंवा बी. एफ. ए. माणसाचं शरीर नीट काढता आल्याशिवाय ते नीट मोडता येत नाही. तोवर रोज एक हात आणि एक पाय. पाय सरळही आले पाहिजेत, उलटेही.

२०. कादंबरीतल्या भुताला आमच्या वारलेल्या आजोबांचा चेहरा द्याल का? फोटो पाठवतो.

घरातल्या सगळ्यांची लेखी संमती असेल तरच विचार करते. एकदा पुस्तक आल्यावर लेखकाच्या चुलतभावानं मला फोन करून तासभर सुनावलं होतं, तेव्हापासून.

शिवाय फोटोवरून काढलेला ओळखीचा चेहरा घाबरवत नाही, फोटो वाटतो. धुळ्याकडच्या एका लेखकानं असाच पांढरी टोपी घातलेल्या आजोबांचा फोटो पाठवला होता. मी चेहरा काढलाच नाही. भर दुपारचं अंगण, कडुनिंबाखाली रिकामी बाज, तिची सुंभ मधोमध दबलेली, कुणी बसल्यासारखी. खुंटीला टोपी. रेखाटन त्यांच्या घरी गेलं, आईनं पाहिलं आणि निरोप आला की बाकी सगळं बरोबर आहे, फक्त बाजेखाली तांब्या हवा, तांब्याशिवाय ते कधी बसत नसत. काढून दिला.